पांढऱ्या पॉपलिनची टोपी

टोपी अंबिगाने शिवली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कळलं तर लोक म्हणतील, लपवलं. शाळेच्या शर्टांतून उरलेलं पांढरं पॉपलिन, पुढे लाल दोऱ्याने भरलेला क्रॉस आणि मागे इलॅस्टिक, म्हणजे कुणाच्याही डोक्याला बसावी. नर्सची टोपी. घराच्या गॅरेजमध्ये मशीन टाकून अंबिगा निम्म्या चॅट्सवर्थचे, म्हणजे डर्बनमधल्या आमच्या भारतीय वस्तीचे, ब्लाउज आणि गणवेश शिवायची. तिच्या हातून वाईट काही शिवलंच जात नसे. ही टोपीही झकास झाली होती.

तिचा नवरा किस्टन नायकर, बेकरीत भट्टीवर कामाला. अडतिसाव्या वर्षी त्याचं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. लग्नाच्या हॉलमध्ये तो शिरला की पोरं प्लास्टिकची खुर्ची उचलून लोखंडी आणून ठेवत, आणि तो त्यांना टपल्या मारत तिच्यावर बसे. कामावरून येताना पाव कोरून आत बीन्सची भाजी भरलेले दोन बनी तो गाडीतच संपवायचा, आणि घरात पाऊल टाकताच विचारायचा, "अंबी, जेवायला काय?" माणूस आनंदी होता. आनंदी माणसं लवकर जातात असं अंबिगाची आई म्हणायची, पण ती म्हातारी सगळ्यांनाच काही ना काही म्हणायची.

त्याचा बाप वीरासामी साखरेने गेला. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. त्याच्या मयतीला मयताची पेटी पुरवणारे चेट्टी आले होते. त्यांनी किस्टनला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, तुझ्या वेळी सहा जणांचं काम नाही रे बाबा. बारा लागतील. त्यातही पायाकडे कोण यावरून मारामारी होईल." सगळे हसले. आमच्याकडे मयतीत हसतात, त्यात काही वावगं नाही. किस्टनही खो खो हसला. पण त्या संध्याकाळी तो ताटासमोर नुसता बसून राहिला. भाजी गार झाली तरी हात लावला नाही.

"अंबी, खरंच बारा लागतील?"

"आधी जेव," ती म्हणाली.

तो जेवला नाही. पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात त्याचीही साखर निघाली, आणि त्याने बापाचा गुडघा आठवून जन्मात पहिल्यांदा धावायचे बूट घेतले.

मैदानावर भेकी म्खिझेचा पळणाऱ्यांचा क्लब होता. भेकी पोलिसातून निवृत्त झालेला, काटकुळा, मिशीवाला. आमच्या लोकांत इतकी वर्षं काढलेला की सगळ्यांना अण्णा-अक्का म्हणायचा. त्याने किस्टनला विजेचे खांब दाखवले. "एक खांब पळायचं अण्णा, दोन खांब चालायचं. मेलास तर माझं नाव सांगू नकोस." पहाटे रस्त्यावर काळं कुत्रं नसायचं, पण समोरच्या पिल्ले आंटी मात्र भिंतीवर कोपरं टेकून हजर. "अगं अंबिगा, नगरपालिकेने रोलर आणलाय वाटतं! रस्ता दाबायचं काम जोरात चाललंय!"

रोलरच म्हणा. पण पहिल्या वर्षात एकतीस किलो उतरले. अंबिगाने त्याच्या पँटी तीनदा आत घेतल्या आणि चौथ्या वेळी त्याच्या अंगावर भिरकावल्या. "नवीन घे. यात शिवणीशिवाय काही उरलं नाही." तिसऱ्या वर्षी साखर गेली, गोळ्या गेल्या. वजन चौऱ्याहत्तरवर येऊन थांबलं. पिल्ले आंटींनी सूर बदलला, "उपाशी ठेवतेस का गं नवऱ्याला? कॉलरमध्ये मान कुठाय ते शोधावं लागतं." अंबिगाला कधी कधी झोपेत हात लागला की दचकायला व्हायचं, बरगड्या लागत. पण बापाला एक्कावन्नाव्या वर्षी एकच पाय उरला होता, आणि हा गडी दोन्ही पायांवर डोंगर चढत होता. रस्त्याने तिचा नवरा वाचवला होता. हे ती आजही नाकारत नाही, आणि तीच तर खरी पंचाईत आहे.

मोठी शर्यत आमच्या डर्बनपासून मारित्झबर्गपर्यंत, सत्त्याऐंशी किलोमीटर. एक वर्ष अशी चढती, एक वर्ष तिकडून उलटी, उतरती. पहाटे साडेपाचला सुरू आणि संध्याकाळी साडेपाचला बंद. बारा तास झाले की शेवटच्या रेषेवर एक माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ करून, कारण तोंड पाहिलं तर बोट चालणार नाही. बार झाला की स्वयंसेवक हातात हात घालून वाट अडवतात. एक पाऊल मागे राहिलेला माणूसही मग पदकाशिवाय, रिकाम्या गळ्याने घरी जातो. दहा वेळा ही शर्यत वेळेत पुरी करणाऱ्याला त्याचा नंबर हिरव्या रंगात कायमचा मिळतो. तो मेला तरी तो नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

किस्टनने नऊ पुऱ्या केल्या होत्या. पाचव्या वर्षापासून तो 'बस' चालवायचा. म्हणजे हातात क्लबचा पिवळा झेंडा घेऊन असा बेताबेताने पळायचा की मागून येणारे चाळीस-पन्नास जण बारा तास पुरे व्हायच्या आठ-दहा मिनिटं आधी आत पोचावेत. तो ड्रायव्हर, ते प्रवासी. कुठे चालायचं, कुठे पळायचं, पाणी कधी प्यायचं, सगळं त्याच्या तोंडून. पोस्टातले कारकून, मास्तरणी, वजन घटवायला आलेल्या जाड बायका, सगळे त्याच्या झेंड्यावर डोळे लावून असत. त्याची बस एकदाही चुकली नव्हती. मैदानात बसून अंबिगा थर्मासमधला चहा अकरा तास पंचेचाळीस मिनिटांनी ओतायची. चहा निवेपर्यंत झेंडा दिसायचा.

आता टोपीचं. शर्यतीआधीचे दोन आठवडे पळणं कमी करतात, पाय ताजे राहावेत म्हणून. वर्षभर राबलेलं अंग रिकामं बसलं की त्याला नसती दुखणी सुचतात. घसा धरतो, गुडघा मोडल्यासारखा वाटतो, छातीत कळ येते. पहिल्या शर्यतीच्या वेळी खुद्द किस्टन लंगडत दोनदा डॉक्टरकडे जाऊन आला होता, फोटो काढले, काही नव्हतं. शर्यतीत गुडघ्याची आठवणही झाली नाही. तेव्हापासून त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "रिकामं अंग कुरकुरतं." आणि त्यानेच अंबिगाकडून टोपी शिवून घेतली. शेवटच्या दोन आठवड्यांत जो कण्हेल त्याच्या डोक्यावर ती चढवायची, चहा संपेपर्यंत उतरवायची नाही, आणि शर्यतीच्या दिवशी ती त्यानेच खिशात घेऊन पळायचं. शाळामास्तरीण शिरीनने ती तीन वर्षं लागोपाठ घातली होती. दरवर्षी तिचं दुखणं खोटं निघालं. टोपी कधी चुकली नाही, म्हणूनच सगळ्यांचा तिच्यावर इतका विश्वास.

त्या वर्षी मे महिन्यात तापाची साथ आली. किस्टनला तीन दिवस सणकून ताप भरला. चौथ्या दिवशी उतरला आणि तो भट्टीवर गेला. खोकला राहिला, तोही गेला. स्वयंपाकघरात मसाल्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर तो रोज सकाळी मनगट धरून मोजलेले नाडीचे ठोके लिहायचा. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, अशी वर्षांमागून वर्षं. त्या आठवड्यात अंबिगाने चहा गाळता गाळता पाहिलं, एकसष्ट. दुसऱ्या दिवशी चौसष्ट. मग अडुसष्ट. तिला वाटलं, शर्यत जवळ आली, मन उतावीळ झालं असेल.

शर्यतीच्या आठ दिवस आधी रविवारी मैदानावर सगळे चहाला जमले होते. अंबिगाने मक्याचे वडे नेले होते. किस्टनने एकही घेतला नाही. कप हातात धरून तो भेकीला हळूच म्हणाला, "बाबा, छातीत जड वाटतंय. दोन मजले चढलो तरी."

भेकीने मिशीवरून बोट फिरवलं, आणि मग त्याचे डोळे चमकले. "ऐका रे ऐका! ड्रायव्हरची छाती जड झालीय!"

जो काही गलका उडाला! नऊ वर्षं दुसऱ्यांना टोपी घालणारा स्वतः सापडला. शिरीन तर नाचायलाच लागली, "अंकल, रिकामं अंग काय करतं? सांगा ना, काय करतं?" टोपी क्लबच्या पेटीत होती. कुणीतरी ती अंबिगाच्या हातात दिली. तूच शिवलीस, तूच घाल.

आणि तिने घातली. दोन्ही हातांनी, कानामागे इलॅस्टिक नीट बसवून, वर गालावर चापट मारली. "आता गप पड, पेशंट."

किस्टन हसला. पण सगळे हसल्यावर हसला. जरासा उशिरा. अंबिगाच्या ते लक्षात आलं होतं. लक्षात आलं, आणि ती वडे वाढायला वळली.

त्यानंतर तो एकदाच बोलला. गुरुवारी संध्याकाळी ती मशीनमध्ये दोरा ओवत होती. तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्यांना तो काय शिकवायचा हे तिला पाठ होतं: आजार गळ्याच्या वर असेल तर पळा, गळ्याच्या खाली असेल तर घरी बसा. त्यातलं त्याने काही काढलं नाही. एवढंच म्हणाला, "अंबी, तू नको म्हणालीस तर नाही जात."

आता तिची बाजूही ऐका. तेरा वर्षं ही बाई पहाटे साडेतीनच्या गजराला जागी होत होती. दहावी शर्यत झाली की बस सोडतो, सकाळी तुझ्याबरोबर चहा पितो, असं त्याने कबूल केलं होतं. या वर्षी राहिली तर आणखी एक वर्ष. शिवाय त्याच्या झेंड्यावर चाळीस माणसं टांगलेली. तिला वाटलं, हा घाबरलाय आणि माझ्या तोंडून नाही वदवून घेतोय. तिने सुईवरची नजर न काढता म्हटलं, "दहाव्या वर्षी नखरे? पुन्हा टोपी घालू का?"

"नको, आहे खिशात," तो म्हणाला आणि आत गेला.

रविवारी अंबिगा आणि भेकी मारित्झबर्गच्या मैदानात रेषेजवळ जागा धरून बसले. जूनचा गारठा, ऊन लवकर पिवळं पडलेलं. भेकी उगाच बडबडत होता, हिरवा नंबर मिळाला की मी बोकड कापणार, तू खाऊ नकोस, तुझ्या वाटणीचं मी खाईन. अंबिगाचं लक्ष नव्हतं. सकाळी तिने कॅलेंडर पाहिलं होतं. त्या दिवशीच्या चौकोनात काही लिहिलेलंच नव्हतं. तेरा वर्षांत एकही चौकोन रिकामा नव्हता.

अकरा तास पंचेचाळीस मिनिटांनी तिने चहा ओतला. अकरा तास बावन्न मिनिटांनी पिवळा झेंडा मैदानात शिरला. लोक उठून टाळ्या पिटायला लागले. चाळीस माणसं गात, लंगडत, एकमेकांना धरून येत होती. भेकी शिट्ट्या मारत होता, आणि मध्येच थांबला.

झेंडा शिरीनच्या हातात होता.

बस रेषेपार गेली. शिरीन गळ्यात पदक घालून कठड्यापाशी आली. घामाचं मीठ तोंडावर वाळलेलं, आणि हसू मावत नव्हतं. "अक्का! तुमच्या नवऱ्याने काय केलं माहितेय? ती शेवटची पोलीची चढण, तिच्याखाली आम्ही सगळे मेलेलो. कुणाचा पाय उचलेना. तर अंकल थांबले, खिशातून टोपी काढली, डोक्यावर चढवली, आणि रस्त्याकडेला कुणाच्या तरी खुर्चीत जाऊन बसले! म्हणे, ड्रायव्हर आजारी आहे, झेंडा घे आणि जा. आम्ही हसून हसून वेडे झालो. ते म्हणाले, खरंच सांगतोय. मग तर आणखीनच! त्या हसण्यावरच अख्खी चढण चढलो आम्ही. मागून येतो म्हणाले. आले नाहीत अजून?"

"त्याचं तोंड कसं होतं?" अंबिगाने विचारलं.

"तोंड?" शिरीन गोंधळली. "ऐंशी किलोमीटरनंतर सगळ्यांचंच असतं तसं."

"किती वेळ झाला?"

शिरीनने घड्याळाकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच विरलं. "सव्वा तास."

किस्टनने खोटं दुखणं कधी सांगितलं होतं? एकदा, गुडघ्याचं, नऊ वर्षांपूर्वी. त्यानंतर तापातही हूं की चूं नाही. आणि गेल्या आठ दिवसांत त्याने तीनदा सांगितलं. एकदा भेकीला, एकदा तिला, एकदा चाळीस जणांना. अंबिगा उठली. मांडीवरचा चहा सांडला, तिला भाजलंही नाही. दर वर्षी ती हात जोडून म्हणायची, मुरुगा, बंदुकीच्या आत आण. त्या दिवशी ती म्हणत होती, येऊ देऊ नकोस त्याला, बसलेलाच असू दे, कुणीतरी पाहिलेलं असू दे.

भेकीच्या गाडीकडे जायला मैदानाबाहेर निघावं लागत होतं, येणाऱ्या गर्दीच्या उलट. नव्वद किलोची अंबिगा, जन्मात कधी न पळालेली, साडीचा घोळ मुठीत धरून पळत होती, आणि लोक तिला बाजू देत टाळ्या वाजवत होते. मागे बार झाला. मैदानभर एकच हाय उठली, दर वर्षी उठते तशी.

रस्ते बंद होते, भेकीने कुठून कुठून गाडी काढली. पोलीच्या पायथ्याशी पोचले तेव्हा अंधार पडायला लागला होता. रस्त्याकडेला मांस भाजून दिवसभर शर्यत पाहणारी कुटुंबं सामान आवरत होती. निलगिरीच्या झाडाखाली घडीच्या खुर्चीत किस्टन बसला होता. गुडघ्यांवर कुणीतरी चौकड्यांचं पांघरूण टाकलेलं, हातात कोकचा कागदी पेला, आणि डोक्यावर टोपी, पार नीट बसलेली.

शेजारी एक म्हातारी गोरी बाई टेबल मिटत होती. अंबिगाला पाहून ती प्रेमाने म्हणाली, "तुमचे का हे? फार गमती हो! येणारे-जाणारे सगळे फोटो काढून घेत होते यांच्याबरोबर. मला म्हणाले, नर्सला बोलवा, आणि आम्ही सगळे हसलो. मग डोळा लागला त्यांचा. म्हटलं, दमलेत बिचारे, उठवू नये."

अंबिगाने त्याच्या गालाला हात लावला, आणि तो हात तिने बराच वेळ काढला नाही. भेकी रस्त्यावरच उकिडवा बसला आणि तोंडात मूठ कोंबून लहान पोरासारखा रडायला लागला.

तापाने हृदयाला सूज आली होती, असं डॉक्टर म्हणाले. तीन-चार महिने अंथरुणात पडून राहिला असता तर बहुतेक उठला असता. त्यांनी ते भल्या मनाने सांगितलं. न सांगते तर काय बिघडलं असतं, कोण जाणे.

मयतीला अख्खं चॅट्सवर्थ लोटलं. कुणी हसलं नाही. क्लबचे लोक पिवळे बनियन घालून अंगणात उभे होते, शिरीन अंबिगाच्या पायाशी बसून तेच तेच म्हणत होती, "आम्ही हसलो अक्का. त्यांनी सांगितलं आणि आम्ही हसलो."

"शिवली मी होती," अंबिगा म्हणाली.

चेट्टी आता खूप थकले होते, पण पेटी बंद करायला स्वतः आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग अंबिगाकडे, आणि मान खाली घातली. सहा जण पुढे झाले. भेकी पुढच्या उजव्या कोपऱ्याला. त्यांनी जोर लावून उचलली, आणि पेटी त्यांच्या अंदाजापेक्षा इतकी हलकी निघाली की ती एकदम वर गेली, उंबऱ्याच्या पायरीवर भेकीचा तोल गेला आणि पेटी एका बाजूला कलली.

अंबिगा दोन्ही हात पुढे करून धावली.

"हळू घ्या रे," ती ओरडली. "हळू घ्या. त्याच्या छातीत दुखतंय."